वजाबाकीत उरलेली वाफ

या महिन्याच्या प्रश्नोत्तरांचा विषय: जीपीएस, गॅलिलिओ यांसारख्या दिशादर्शन उपग्रहांच्या लहरींवरून हवेतील बाष्प मोजणे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: हे उपग्रह आपले स्थान सांगण्यासाठी आहेत. त्यांच्या लहरींमधून बाष्प कसे कळते? आणि वाटेत आयनांबर म्हणजे वरच्या हवेचा विद्युतभारित थरही असतो, मग झालेला उशीर बाष्पामुळेच झाला हे कशावरून ठरवायचे?

उत्तर: जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर आहेत. तिथून निघालेली लहर निर्वात जागेत जितक्या वेळात पोचली असती त्यापेक्षा वातावरणामुळे थोडी उशिरा पोचते. हा उशीर आपण लांबीत मोजतो. आयनांबराचा वाटा काही मीटरपासून काही दशक मीटरपर्यंत जातो, पण तो वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्यामुळे एल१ म्हणजे १५७५.४२ मेगाहर्ट्झ आणि एल२ म्हणजे १२२७.६० मेगाहर्ट्झ या दोन्हींवर मोजणी केली, की पहिलीला २.५४६ ने आणि दुसरीला १.५४६ ने गुणून वजाबाकी करता येते आणि आयनांबर जवळजवळ पूर्ण निघून जाते. त्याची किंमत म्हणून मोजणीतला गोंगाट सुमारे तिप्पट होतो.

खालच्या हवेचा उशीर मात्र दोन्ही वारंवारतांवर सारखाच असतो, म्हणून ही युक्ती तिथे चालत नाही. तो अज्ञात मानून गणितातच सोडवावा लागतो. थेट डोक्यावर असलेल्या उपग्रहासाठी समुद्रसपाटीजवळ तो साधारण २.३ ते २.७ मीटर भरतो. यालाच माथ्यावरचा एकूण विलंब म्हणतात. जाणकारांच्या बोलण्यात झेडटीडी. यातले जवळजवळ २.३ मीटर हवेच्या एकूण वजनामुळे असतात आणि ते जमिनीवरच्या दाबावरून काढता येतात. बाष्पाचा वाटा ध्रुवाकडे काही मिलिमीटर, तर दमट उष्ण प्रदेशात ४० सेंटिमीटरच्या आसपास.

म्हणजे बाष्प इथे कोणी थेट मोजत नाही. उपग्रहाची कक्षा, घड्याळे, आयनांबर, अँटेनाची जागा, कोरड्या हवेचे वजन हे सगळे वजा करून जी बाकी उरते, तिला आपण बाष्प म्हणतो. पुढच्या प्रत्येक उत्तरात ही गोष्ट येणार आहे: आधीच्या कुठल्याही पदात झालेली चूक शेवटी बाष्पाच्या नावावरच जमा होते.

प्रश्न: झेडटीडी हातात आल्यावर पुढचे गणित एकदा आकडे घालून दाखवाल का?

उत्तर: समजा अँटेना २० अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून ३०० मीटर उंच आहे. अँटेनाच्या पातळीवरचा दाब ९७५.० हेक्टोपास्कल, हवेचे तापमान २७ अंश सेल्सिअस आणि झेडटीडी २.५३१० मीटर.

कोरड्या भागासाठी सास्तामोइनेन यांचे १९७२चे सूत्र आजही वापरात आहे. दाबाला ०.००२२७६८ ने गुणायचे आणि (१ − ०.००२६६ × कोसाइन(दुप्पट अक्षांश) − ०.०००२८ × किलोमीटरमधली उंची) याने भागायचे. गुणाकार २.२१९९ येतो, भाजक ०.९९७८८ येतो, म्हणून कोरडा विलंब २.२२४६ मीटर. झेडटीडीतून तो वजा केला की ०.३०६४ मीटर उरतात. हा ओला विलंब.

त्याचे पाण्यात रूपांतर करण्यासाठी हवेच्या स्तंभाचे बाष्पभारित सरासरी तापमान लागते. बेविस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दिलेले सरळ नाते असे: ७०.२ + ०.७२ × जमिनीवरचे तापमान, दोन्ही केल्विनमध्ये. आपल्या उदाहरणात ३००.१५ केल्विनवरून २८६.३ केल्विन मिळतात. आता ३७३९ ला २८६.३ ने भागा, त्यात ०.२२१ मिळवा, आलेल्या संख्येला ४६१.५ ने गुणा आणि १००० ला त्या गुणाकाराने भागा. उत्तर ०.१६३२. ओला विलंब ३०६.४ मिमी गुणिले ०.१६३२ म्हणजे ५०.० मिमी. डोक्यावरच्या स्तंभातली सगळी वाफ द्रवरूप होऊन जमिनीवर पसरली तर पाण्याचा थर ५० मिमी जाडीचा होईल. या थरालाच पुढे पीडब्ल्यूव्ही म्हटले आहे.

बेविस यांचे नाते अमेरिकेतल्या १३ ठिकाणच्या रेडिओसाँड (फुग्यासोबत वर सोडलेले हवामानमापक यंत्र) नोंदींवरून काढलेले आहे आणि ती सगळी ठिकाणे २७ अंश उत्तरेच्या वर आहेत. विषुववृत्ताजवळ ते थोडे सरकते. जवळपासच्या रेडिओसाँडवरून किंवा ईआरए५ सारख्या पुनर्विश्लेषणावरून (जुन्या नोंदी प्रतिमानात घालून पुन्हा उभे केलेले हवामान) आपल्या ठिकाणासाठी वेगळे नाते काढता आले तर जरूर काढा. पण याची फार चिंता नको. जमिनीवरचे तापमान ५ अंशांनी चुकले तरी ५० मिमीत फरक पडतो जेमतेम ०.६ मिमीचा.

प्रश्न: आमचे केंद्र सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. दमट दिवसांत पीडब्ल्यूव्ही अपेक्षेपेक्षा खूप कमी येतो आणि कोरड्या महिन्यांत चक्क उणे ११ मिमी आला. दाब हवामानाच्या संकेतस्थळावरून घेतला आहे. रिसीव्हर बिघडला असेल का?

उत्तर: रिसीव्हरला हात लावू नका. संकेतस्थळावर दिसणारा दाब बहुधा समुद्रसपाटीवर आणून ठेवलेला असतो, म्हणजे तिथला आकडा १०१० असेल तर ६०० मीटरवर खरा दाब ९४३च्या आसपास असतो. ६७ हेक्टोपास्कलची ही चूक कोरडा विलंब १५२ मिमीने फुगवते, आणि तेवढाच ओला विलंब आटतो. पीडब्ल्यूव्ही सुमारे २४ मिमीने घसरतो. खरे बाष्प १३ मिमी असेल तर उत्तर उणे ११ येणारच. उणे बाष्प दिसले की सर्वात आधी दाबाचा रकाना उघडून पाहावा.

दाबाबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण आमच्या मते या सगळ्या कामात सर्वाधिक दुर्लक्ष त्याच्याकडेच होते. लोक महागडा रिसीव्हर घेतात आणि वायुदाबमापक मिळेल तो लावतात. लक्षात ठेवायचा आकडा असा: १ हेक्टोपास्कलची चूक म्हणजे कोरड्या विलंबात २.३ मिमी, आणि पीडब्ल्यूव्हीत ०.३७ मिमी. बीएमई२८० सारख्या छोट्या संवेदकाची अचूकता साधारण ±१ हेक्टोपास्कल असते आणि दर वर्षी तो आणखी तेवढाच सरकू शकतो. बसवण्याआधी आठवडाभर एखाद्या प्रमाणित वायुदाबमापकाशेजारी ठेवून फरक नोंदवा, तो प्रत्येक वाचनातून वजा करा आणि वर्षाने पुन्हा ताळा पाहा.

संवेदक आणि अँटेना वेगवेगळ्या पातळीवर असतील तर उभे अंतर टेपने मोजा. समुद्रसपाटीजवळ दर साडेआठ मीटरला दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. संवेदक तळमजल्यावर आणि अँटेना १२ मीटर वर असेल तर अँटेनाजवळचा दाब १.४ ने कमी धरायला हवा. वाऱ्याच्या थेट माऱ्यातही संवेदक ठेवू नये. सेकंदाला १० मीटरचा वारा ०.६ हेक्टोपास्कलपर्यंत खोटा दाब दाखवू शकतो. बंद पण हवाबंद नसलेली पेटी योग्य.

दाब जवळच्या केंद्रावरून किंवा पुनर्विश्लेषणातून आणून उंचीनुसार बदलणार असाल, तर आणखी एक खड्डा आहे. रिसीव्हर देतो ती उंची लंबवर्तुळाभापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची असते, दाबाच्या गणिताला लागते ती समुद्रसपाटीपासूनची. दोहोंतला फरक जगभरात सुमारे उणे १०६ मीटरपासून अधिक ८५ मीटरपर्यंत बदलतो. ६० मीटरचा फरक विसरलात तर ७ हेक्टोपास्कल, म्हणजे अडीच मिमी बाष्प, कायमचे चुकते. ही चूक आलेखात दिसतही नाही, कारण चढउतार बरोबर येतात आणि पातळी तेवढी खाली किंवा वर बसते.

शेवटी वेळ. उपग्रहांच्या नोंदी जीपीएस वेळेत असतात, दाबाची वही बहुधा स्थानिक वेळेत. उष्ण प्रदेशात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी आणि रात्री १०च्या सुमारास सर्वाधिक. दोन वह्यांच्या वेळा काही तासांनी सरकलेल्या असतील तर बाष्पात रोज दोन उंचवटे असलेली खोटी लाट उमटते. तिची उंची मिलिमीटरच्या आसपास असते, आणि दिसायला ती अगदी नैसर्गिक वाटते.

प्रश्न: दाबाचे वाचन उपलब्ध नसेल तर जीपीटी३ सारख्या प्रतिमानाचा सरासरी दाब चालेल का?

उत्तर: महिन्याच्या सरासरीसाठी चालेल. वादळी दिवसासाठी अजिबात नाही. असे प्रतिमान ऋतूनुसार नेहमीचा दाब सांगते. आज कमी दाबाचे क्षेत्र डोक्यावर आहे हे त्याला ठाऊक नसते. प्रतिमान १००८ म्हणत असेल आणि चक्रीवादळात दाब ९७० झाला असेल, तर बाष्प १४ मिमी कमी दिसेल, आणि तेही नेमके त्या दिवशी जेव्हा आकडा हवा असतो.

प्रश्न: कमी किमतीच्या दुहेरी वारंवारतेच्या रिसीव्हर बोर्डाने हे काम होते का? अँटेना कशी निवडावी, कुठे बसवावी?

उत्तर: होते. झेडईडी-एफ९पी सारख्या बोर्डाच्या कच्च्या नोंदी रिनेक्स या सर्वमान्य फाइल स्वरूपात बदलल्या की त्यातून चांगला झेडटीडी निघतो. नोंदीचे अंतर ३० सेकंद पुरे. मात्र दोन गोष्टी पाहा. हा बोर्ड जीपीएसच्या दुसऱ्या वारंवारतेवर फक्त एल२सी हा नागरी सिग्नल पकडतो. तो २००५ नंतर आलेल्या आयआयआर-एम आणि पुढच्या पिढ्यांच्या उपग्रहांवरच आहे. जुन्या आयआयआर उपग्रहांकडून तुम्हाला एकच वारंवारता मिळेल आणि ते गणनेतून गळतील. ही उणीव गॅलिलिओ भरून काढतो, म्हणून तो चालू ठेवाच. दुसरे, उपग्रहांच्या अचूक घड्याळांच्या फाइली जीपीएससाठी पी-कोड या लष्करी सिग्नलच्या जोडीवर आधारलेल्या असतात. तुम्ही एल२सी वापरत असाल तर दोन कोडांमधला फरक दुरुस्त करणारी बायस फाइल गणना करणाऱ्या संगणक प्रणालीला द्यावी लागते. ती न दिल्यास उत्तर स्थिरावायला फार वेळ लागतो आणि पूर्णांक, म्हणजे वाटेतल्या पूर्ण लहरींची अज्ञात संख्या, सुटत नाहीत.

बोर्डापेक्षा अँटेना महत्त्वाची. अँटेनाचा विद्युत मध्य तिच्या भौतिक मध्याशी जुळत नाही आणि उपग्रहाच्या उन्नतांशानुसार (क्षितिजापासूनच्या कोनानुसार) सरकतो. हे सरकणे विलंबासारखेच दिसते, त्यामुळे ते सरळ झेडटीडीत शिरते. म्हणून अँटेक्स या अँटेना-दुरुस्त्यांच्या यादीत मापन नोंदलेले असेल तीच अँटेना घ्या आणि रिनेक्सच्या शीर्षात तिचे नाव यादीतल्याप्रमाणे अक्षरशः लिहा. एक रिकामी जागा इकडची तिकडे झाली तरी अनेक प्रणाली काही न सांगता दुरुस्ती शून्य धरतात. वर घुमटाकार टोपी बसवली, तर ती टोपीसुद्धा नोंदीत यायला हवी. अँटेना किंवा टोपी बदललीत तर त्या दिवसापासून मालिकेत पायरी येईल. तारीख लिहून ठेवा.

केबल लांब चालेल का, हे पुष्कळांनी विचारले. केबलमधला उशीर सगळ्या उपग्रहांना सारखाच लागतो आणि रिसीव्हरच्या घड्याळात जिरतो. बाष्पावर त्याचा परिणाम शून्य. फक्त सिग्नल फार क्षीण होऊ देऊ नका.

जागा अशी हवी की चहूबाजूंनी क्षितिजापासून १० अंशांच्या वर काही आड येत नाही. खाली पत्र्याचे छप्पर असेल तर लहरी त्यावरून परावर्तित होऊन अँटेनात शिरतात. परावर्तनाची शंका आली तर साधी परीक्षा आहे: जीपीएसच्या उपग्रहांची आकाशातली मांडणी रोज सुमारे ४ मिनिटे आधी परत येते. तुमच्या आलेखातले तेच ते खाचखळगे रोज ४ मिनिटे आधी येत असतील, तर ते हवेतले नाहीत, छपरावरचे आहेत.

प्रश्न: पीपीपी गणनेत कोणत्या मांडण्या ठेवाव्यात? दर मध्यरात्री आमच्या आलेखात उडी दिसते.

उत्तर: पीपीपी म्हणजे अचूक कक्षा आणि घड्याळे वापरून एकट्या रिसीव्हरवर केलेली गणना. उडीचे कारण आधी. कक्षा आणि घड्याळांच्या फाइली एकेका दिवसाच्या असतात आणि प्रत्येक दिवसाची गणना नव्याने सुरू होते. सुरुवातीचा अर्धा ते एक तास उत्तर स्थिरावत असते. उपाय असा की मागच्या दिवसाचे शेवटचे ३ तास आणि पुढच्या दिवसाचे पहिले ३ तास जोडून ३० तासांची गणना करावी आणि मधले २४ तासच ठेवावेत.

बाकीच्या मांडण्यांत पहिली अँटेनाची जागा. रोजची स्थिर गणना दोनेक आठवडे करून सरासरी काढा आणि मग ती जागा पक्की करून टाका. उंची आणि झेडटीडी एकमेकांत मिसळतात. उंचीत १ सेंमीची चूक झेडटीडीत अंदाजे ३ मिमी होऊन येते. भूपृष्ठाच्या भरतीओहोटीची दुरुस्ती चालू हवी, कारण घन जमीनही दिवसात काही दशक सेंटिमीटर वरखाली होते. किनाऱ्याजवळ सागरी भरतीच्या भाराचीही लागते; त्याचे गुणांक स्वीडनच्या ओन्साला वेधशाळेची सेवा मोफत देते.

किमान उन्नतांश ७ ते १० अंश ठेवा आणि खालच्या उपग्रहांना कमी वजन द्या. माथ्यावरचा विलंब तिरप्या वाटेवर नेणारा गुणक ३० अंशांवर २, १० अंशांवर ५.६ आणि ५ अंशांवर जवळजवळ १० असतो. खाली उतरावे तसे उंची आणि विलंब वेगळे ओळखणे सोपे होते, पण गुणकातली चूक आणि परावर्तन दोन्ही वाढतात. गुणकासाठी व्हीएमएफ१ किंवा व्हीएमएफ३ ही तयार रूपे घ्या. निएल यांचे १९९६चे रूप घरगुती प्रयोगाला पुरते.

झेडटीडीला वेळेनुसार किती बदलू द्यायचे, ही खरी मेख आहे. आरटीकेलिब या मोफत संगणक प्रणालीमध्ये मूळ मूल्य ०.०००१ मीटर प्रति वर्गमूळ सेकंद आहे, म्हणजे तासाला साधारण ६ मिमी. ते दहापट घट्ट केले तर वादळापूर्वीची चढण सपाट होते. दहापट सैल केले तर परावर्तनाची कुरकुर बाष्प म्हणून नाचू लागते. आधी मूळ मूल्यावर ठेवा आणि मगच हलवा.

एक सार्वत्रिक घोटाळाही सांगून ठेवतो. अनेक प्रणाली आधी एक अंदाजी विलंब धरतात आणि त्यावरची दुरुस्ती वेगळ्या रकान्यात देतात. ती दुरुस्ती म्हणजे ओला विलंब नव्हे. दोन्हींची बेरीज करून पूर्ण झेडटीडी घ्या आणि कोरडा भाग स्वतःच्या दाबावरून वजा करा. हा खटाटोप नको असेल तर कॅनडाच्या नैसर्गिक साधनसंपत्ती खात्याची मोफत पीपीपी सेवा रिनेक्स फाइलवरून झेडटीडी देते. पहिल्या प्रयोगासाठी ती उत्तम.

घाई किती आहे यावर कक्षांची फाइल ठरते. आयजीएस या आंतरराष्ट्रीय सेवेच्या अंतिम फाइली सुमारे दोन आठवड्यांनी येतात, जलद फाइली दुसऱ्या दिवशी. अतिजलद फाइलीतल्या पुढच्या दिवसाच्या कक्षा ठीक असतात, पण अंदाजी घड्याळे ३ नॅनोसेकंदांनी, म्हणजे ९० सेंटिमीटरने चुकतात. त्यांवर पीपीपी उभे राहत नाही. तात्काळ उत्तर हवे तर घड्याळांचा थेट प्रवाह घ्यावा लागतो.

प्रश्न: आमच्याकडे १० किमी अंतरावर दोन रिसीव्हर आहेत. दोघांची वजाबाकी करून बाष्प काढता येईल का?

उत्तर: दोन केंद्रांमधला फरक कळेल, प्रत्येकाचे बाष्प नाही. इतक्या जवळून दोघांना उपग्रह जवळजवळ एकाच कोनात दिसतो, त्यामुळे समाईक विलंब वजाबाकीत नाहीसा होतो. या पद्धतीने पूर्ण झेडटीडी हवा असेल तर जाळ्यात ५०० किमीहून दूरची केंद्रे घ्या, किंवा सरळ पीपीपी करा.

प्रश्न: ढग आणि पावसाचे थेंब मोजणी बिघडवतात का?

उत्तर: फारच थोडी. स्तंभातले १ मिमी बाष्प साधारण ६ मिमी विलंब करते, तेवढेच ढगातले द्रव पाणी दीड मिमी. ढगात पाणी बहुतेक वेळा १ मिमीहूनही कमी असते. पावसातही मोजणी चालू राहते, हे या पद्धतीचे मोठे बळ आहे. अँटेनावर साचलेले पाणी किंवा बर्फ आणि शेजारच्या झाडाची ओली पाने मात्र त्रास देतात.

प्रश्न: पीडब्ल्यूव्ही ६० मिमी होता आणि पाऊस १५० मिमी पडला. दुसऱ्या दिवशी ६२ मिमी असूनही थेंब नाही. मग या आकड्याचा उपयोग काय?

उत्तर: हा आकडा त्या क्षणी डोक्यावर असलेला साठा सांगतो. पाऊस पडत असताना आजूबाजूची दमट हवा आत ओढली जाते आणि साठा भरत राहतो, म्हणून ६० मिमीच्या स्तंभातून १५० मिमी पडू शकतात. उलट हवा वर चढत नसेल तर साठा तसाच राहतो. म्हणून केवळ पातळी न पाहता चढण पाहा: जोरदार सरीआधी बाष्प तासाला काही मिलिमीटरने वाढताना दिसते. दर ५ ते १५ मिनिटांची मालिका ते टिपते, दिवसातून दोनदा सोडलेला फुगा टिपत नाही. युरोपात ई-जीव्हीएपी हा उपक्रम २००५ पासून ही माहिती हवामान प्रतिमानांसाठी पुरवतो. तिथे बाष्प नव्हे तर झेडटीडीच दिला जातो. प्रतिमानाकडे स्वतःचा दाब असतो, त्यामुळे आपल्या वायुदाबमापकाची चूक मध्ये येत नाही.

प्रश्न: मोबाइल फोनने जमेल का?

उत्तर: दुहेरी वारंवारतेचे फोन २०१८ पासून आहेत आणि कच्च्या नोंदीही मिळतात. पण फोनची अँटेना परावर्तित लहरी भरपूर उचलते आणि तिचा विद्युत मध्य मोजलेला नसतो. शिकण्यासाठी चांगले. नोंद घेताना फोन हलवू नका आणि वीज वाचवण्यासाठी रिसीव्हर अधूनमधून बंद होण्याची सोय विकसक पर्यायांतून थांबवा, नाहीतर लहरींची मोजदाद सतत तुटत राहील.

प्रश्न: आमचे आकडे बरोबर आहेत हे रेडिओसाँडशी ताडून कसे ठरवावे?

उत्तर: फुगे बहुधा जागतिक वेळेनुसार ० आणि १२ वाजताच्या नोंदीसाठी सोडतात, पण प्रत्यक्ष सुटका त्याआधी होते. फाइलमधली खरी वेळ घ्या. फुगा सेकंदाला सुमारे ५ मीटरने चढतो. जवळजवळ सगळे बाष्प असलेले पहिले १० किमी पार करायला त्याला अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. तेवढ्या काळातल्या तुमच्या मूल्यांची सरासरी त्याच्याशी ताडा. दोन्ही जागांच्या उंचीतला फरक आधी दुरुस्त करा, कारण दमट हवेत जमिनीजवळच्या दर १०० मीटरमध्ये सुमारे २ मिमी बाष्प असते.

शंभरेक जोड्या जमल्या की फरकांचा आलेख काढा. बिंदू १ ते २ मिमी इतकेच विखुरलेले असतील तर काम उत्तम आहे. सगळे बिंदू एकाच बाजूला सारखे सरकलेले असतील तर दाब, उंची किंवा अँटेनाची दुरुस्ती तपासा. बाष्प वाढेल तसा फरकही वाढत असेल तर सरासरी तापमानाचे नाते पाहा. एखाद्या तारखेपासून पायरी आली असेल तर त्या दिवशी छपरावर कोण गेले होते ते विचारा. आणि फरक फक्त दिवसाच्या फुग्यांमध्ये दिसत असेल, रात्रीच्या नाही, तर दोष कदाचित तुमचा नसेल: काही प्रकारच्या रेडिओसाँडचा आर्द्रता संवेदक उन्हाने तापतो आणि हवा खरीपेक्षा कोरडी दाखवतो.